रॅम वाढवावी की जोडी जपावी?

२०१८च्या सुमाराचा एखादा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, रॅमसाठी दोन स्लॉट आणि दोन्हींत ४-४ जीबीच्या डीडीआर४-२४०० स्टिक. असे लॅपटॉप आजही कितीतरी घरांत, दुकानांत आणि सीएंच्या ऑफिसांत रोज चालू होतात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तरी हे मशीन भंगारात जायचं कारण नाही. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर पुरतो. पुरत नाही ती रॅम. टॅली, एक्सेलच्या दोन-तीन मोठ्या फायली, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल आणि त्याच्या जोडीला पंधरा टॅब, शिवाय व्हॉट्सअ‍ॅप वेब, एवढं उघडलं की मशीन हँग व्हायला लागतं.

मालकाकडे १६ जीबीच्या एका स्टिकपुरते पैसे आहेत. स्लॉट मात्र दोन्ही भरलेले. म्हणजे जुन्यांतली निदान एक काढावी लागणार, आणि ती काढली की सारख्या स्टिकची जोडी मोडणार. जोडी असली की मेमरी ‘ड्युअल चॅनेल’मध्ये चालते, एकच स्टिक असली की ‘सिंगल’मध्ये, आणि सिंगलचा वेग ड्युअलच्या निम्मा, हे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात काउंटरपुढे उभा असलेला माणूस अडखळतो. एकदम दोन नव्या स्टिक घ्या, असं सांगणंही आता सोपं राहिलेलं नाही. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली, की साध्या रॅमच्या किमतीही भडकल्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा मशीनमध्ये जोडी मोडली तरी चालेल, रॅम वाढवा. पण यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे, कारण काही ठिकाणी तेच कारण उत्तर फिरवतं.

‘निम्मा वेग’ म्हणजे नेमकं काय निम्मं होतं, तिथून सुरुवात करू. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या एका चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट असते. डीडीआर४-२४०० या नावातला २४०० हा आकडा सांगतो, की या वाटेवरून सेकंदाला २४० कोटी वेळा माल जातो. दर वेळी ८ बाइट, म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. अशा दोन वाटा स्वतंत्रपणे चालल्या की ३८.४ जीबी. हे झालं ड्युअल चॅनेल. जोडीनं मेमरी लावायची पद्धत याहून जुनी आहे. पेंटियम १९९३मध्ये आला तेव्हा त्याची डेटा बस ६४ बिटांची होती आणि त्या काळच्या ७२ पिनांच्या मॉड्यूलची रुंदी ३२ बिट. त्यामुळे दोन लावल्याशिवाय मशीन सुरूच होत नसे. पुढे ६४ बिटांची मॉड्यूल्स आली आणि एकट्यानं भागायला लागलं. मग जोडी परत आली ती वेगासाठी. २००१मध्ये एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटनं साध्या डीडीआर मेमरीला दोन वाटा दिल्या, आणि २००३मध्ये इंटेलच्या ८६५ आणि ८७५ या चिपसेटांनी ड्युअल चॅनेल घरोघरी नेलं.

तर निम्मी होते ती सेकंदाला वाहून नेता येणाऱ्या मालाची कमाल मर्यादा, म्हणजे बँडविड्थ. एखादी गोष्ट मागितल्यापासून ती हातात पडेपर्यंत जो वेळ जातो, तो निम्मा किंवा दुप्पट होत नाही. तो जवळपास तेवढाच राहतो. ड्युअल चॅनेलबद्दलचा सगळा गोंधळ या एका ठिकाणी होतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

प्रोसेसर रॅमकडे एकेक बाइट मागत नाही. तो ६४ बाइटांचा तुकडा मागतो. त्याच्या आतल्या कॅश मेमरीची एक ओळ तेवढ्याच मापाची असते. डीडीआर४ची एक खेप सलग आठ हप्त्यांची: आठ गुणिले ८ बाइट, बरोबर ६४. म्हणजे एक ओळ एकाच चॅनेलमधून, एकाच स्टिकवरून पूर्ण येते. अर्धी या स्टिकवरून आणि अर्धी त्या स्टिकवरून येते, असं अनेकांना वाटतं, पण आजच्या मशीनमध्ये तसं होत नाही. मेमरी कंट्रोलर लागोपाठच्या ओळी दोन चॅनेलांमध्ये वाटून ठेवतो, एवढंच.

आता वेळेचा हिशेब करू. १९.२ जीबीच्या वाटेवरून ६४ बाइट यायला सुमारे ३.३ नॅनोसेकंद लागतात. पण मागणी गेल्यापासून ती ओळ प्रोसेसरला मिळेपर्यंतचा एकूण काळ लॅपटॉपमध्ये ऐंशी-शंभर नॅनोसेकंदांच्या घरात असतो. कॅशमध्ये शोधून ती सापडली नाही हे कळणं, कंट्रोलरच्या रांगेत उभं राहणं, चिपमधली योग्य ओळ उघडणं, यात बाकीचा वेळ जातो. प्रत्यक्ष वाहतूक हा त्यातला अगदी लहान भाग आहे. दुसरी वाट उघडल्यानं हे शंभर नॅनोसेकंद नव्वदसुद्धा होत नाहीत. दुसऱ्या वाटेचा उपयोग होतो तो एकाच वेळी खूप मागण्या आल्या आणि रांग लागली तर.

आणि रोजच्या कामात अशी रांग फारशी लागत नाही. टॅलीत व्हाउचर टाकताना, वर्डमध्ये लिहिताना, बँकेच्या साइटवर लॉगिन करताना प्रोसेसरला लागणारी बहुतेक माहिती त्याच्या स्वतःच्या कॅशमध्येच सापडते. रॅमपर्यंत जावं लागतं ते थोड्या मागण्यांसाठी.

याचा मोठा पडताळा बाजारानंच करून ठेवला आहे. एएमडीनं २००३मध्ये अ‍ॅथलॉन ६४ आणला तेव्हा मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरून थेट प्रोसेसरच्या आत नेला. हा प्रोसेसर आधी ७५४ सॉकेटमध्ये आला, त्यात एकच चॅनेल होतं. २००४मध्ये ९३९ सॉकेट आलं, त्यात दोन. जवळपास तोच प्रोसेसर, एक वाट आणि दोन वाटा, अशी तुलना लोकांना आयतीच मिळाली. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये फरक निघाला तो काही टक्क्यांचा. बँडविड्थ दुप्पट झाली होती, पण काम दुप्पट वेगानं होत नव्हतं.

आता दुसरी बाजू. रॅम कमी पडली तर काय होतं?

चालू प्रोग्रॅमना रॅममध्ये जागा उरली नाही, की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातला काही भाग डिस्कवर टाकते आणि लागेल तेव्हा परत आणते. कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस या संगणकात ती १९६२मध्येच प्रत्यक्षात आली होती. आजचं विंडोज डिस्कवर टाकण्याआधी त्या भागाला दाबून लहान करतं आणि रॅममध्येच ठेवतं. विंडोज १०पासून ही सोय आहे, त्यामुळे थोडीशी टंचाई आपल्याला जाणवतही नाही. टंचाई वाढली की मात्र डिस्क गाठावी लागते. रॅमचे शंभर नॅनोसेकंद धरले, तर चांगली एनव्हीएमई एसएसडी साधारण शंभर मायक्रोसेकंद घेते, म्हणजे हजारपट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं डोकं योग्य जागी पोचायलाच दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे लाखपट.

एका बाजूला फार तर दुपटीचा फरक, तोही रांग लागली तरच. दुसऱ्या बाजूला हजारपट ते लाखपट. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर ८ जीबीची जोडी जपण्यासाठी टंचाई सोसण्यात काही अर्थ उरत नाही.

ही टंचाई कशी अंगावर येते, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८मध्ये ‘वर्किंग सेट’ ही कल्पना मांडली. एखाद्या प्रोग्रॅमनं कागदोपत्री कितीही जागा घेतलेली असो, दर थोड्या काळात तो तिचा ठरावीक भागच पुन्हा पुन्हा वापरतो. तो भाग म्हणजे वर्किंग सेट. सगळ्या चालू प्रोग्रॅमचे वर्किंग सेट रॅममध्ये मावले, की मशीन सुरळीत चालतं. मावले नाहीत, तर एकाला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढावं लागतं आणि दुसऱ्याच क्षणी त्या दुसऱ्याची गरज पडते. मग प्रोसेसर काम न करता नुसती वाट बघत बसतो. याला थ्रॅशिंग म्हणतात. यात वेग हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. चौदा टॅबपर्यंत ठीक चाललेलं मशीन पंधराव्या टॅबला का गोठतं, त्याचं उत्तर इथे आहे.

डेनिंग यांच्या या विचारातून उलटा निष्कर्षही निघतो, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. वर्किंग सेट मावला, की त्यावरची रॅम जवळपास काहीच देत नाही. मोकळ्या जागेत विंडोज फायलींच्या प्रती साठवून ठेवतं, त्याचा थोडाफार फायदा होतो, पण ज्याचं काम १० जीबीत भागतं त्याला १६च्या जागी ३२ जीबी टाकून फरक दिसणार नाही. क्षमतेचं मोल मावेपर्यंत प्रचंड आणि मावल्यानंतर शून्याजवळ. बँडविड्थचा विचार तिथून पुढे सुरू होतो.

म्हणून खरेदीआधी आपलं काम कुठे बसतं ते पाहावं. नेहमी उघडता तेवढं सगळं उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक केलं की आलेख दिसतो. ७०-७५ टक्के वापर दिसला म्हणून लगेच घाबरू नये. ‘अव्हेलेबल’ आणि ‘कमिटेड’ हे दोन आकडे जास्त बोलके असतात. अव्हेलेबल काहीशे एमबीवर आलं असेल, आणि कमिटेडचा पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर गेला असेल, तर टंचाईचा संशय घ्यायला हरकत नाही. खात्री करायची तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना बघा. नवा प्रोग्रॅम सुरू होताना तिथे आकडे उसळतातच, त्याचं काही विशेष नाही. पण तुम्ही नुसते एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताय, आणि दर वेळी शेकड्यांनी हार्ड फॉल्ट दिसताहेत, तर वर्किंग सेट मावत नाही हे नक्की. अशा मशीनला रॅमच हवी.

टास्क मॅनेजर किती स्लॉट भरलेत ते सांगतो, चॅनेल सांगत नाही. त्यासाठी सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याच्या मेमरीच्या पानावर सिंगल की ड्युअल ते कळतं. डीडीआर५ असेल तर इथे फसगत होऊ शकते. डीडीआर५च्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२-३२ बिटांची दोन उपचॅनेल असतात, म्हणून एकच स्टिक असली तरी तिथे ‘२ गुणिले ३२ बिट’ दिसतं. त्यावरून ‘एकच स्टिक घ्या, आतून ड्युअलच आहे’ असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. एका स्टिकची एकूण रुंदी ६४ बिटच राहते. पूर्ण जोडी असेल तर ‘४ गुणिले ३२’ दिसलं पाहिजे.

आता उत्तर फिरतं ती ठिकाणं. सगळ्यात मोठं म्हणजे प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ती नसते, ते याच रॅममधून आपला वाटा घेतं. आणि ग्राफिक्सचं काम म्हणजे लाखो पिक्सेलांसाठी एकाच वेळी असंख्य मागण्या. एरवी न लागणारी रांग इथे कायम लागलेली असते. त्यामुळे गेम खेळताना सिंगल आणि ड्युअलमधला फरक काही टक्क्यांवर थांबत नाही, कित्येक गेममध्ये तो एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त असतो. इंटेलनं तर हे नावातच उतरवलं. ११व्या पिढीच्या ज्या लॅपटॉपवर आयरिस एक्सईचं स्टिकर असतं, त्यात एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजर ग्राफिक्सचं नाव नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ दाखवतो. रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी स्टिक बसवून मशीन सुरू केलं, की त्याच चिपचं नाव आयरिस एक्सई होतं. ८ जीबीची एकच स्टिक असलेला असा लॅपटॉप घेऊन इंजिनिअरिंगला गेलेली मुलं आजूबाजूला पुष्कळ आहेत. त्यांनी ती काढून एक १६ जीबीची बसवू नये. शेजारी आणखी एक ८ जीबीची लावावी. क्षमता तेवढीच मिळते आणि वाट दुप्पट.

दुसरं ठिकाण नवं आहे, आणि मला ते फार आवडतं, कारण क्षमता आणि बँडविड्थ या दोघींची कामं त्यात सुटी सुटी दिसतात. स्वतःच्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय, एआयचं भाषा मॉडेल चालवता येतं. समजा मॉडेलची फाइल ५ जीबीची आहे. असं मॉडेल प्रत्येक नवा शब्दखंड लिहिताना जवळपास पूर्ण ५ जीबी रॅममधून एकदा वाचतं. ड्युअल चॅनेलच्या ३८.४ जीबीत हे सेकंदाला जास्तीत जास्त साडेसात वेळा होईल, सिंगलच्या १९.२मध्ये पावणेचार वेळा. इथे निम्मं म्हणजे खरोखर निम्मं. पण सुरुवातीच्या लॅपटॉपवर परत या. त्याची ८ जीबी ड्युअल आहे, आणि विंडोज व ब्राउझरनंच साडेचार-पाच जीबी घेतली आहे. मॉडेलचा दीड-दोन जीबी भाग बाहेर राहतो, आणि प्रत्येक शब्दखंडासाठी तो एसएसडीवरून आणावा लागतो. ती साटा प्रकारची असेल, तर सेकंदाला सुमारे ०.५५ जीबी देते. म्हणजे एका शब्दखंडाला किमान तीन-साडेतीन सेकंद. १६ जीबीची एकटी स्टिक, निम्म्या बँडविड्थवर, त्याच काळात बारा-तेरा शब्दखंड लिहून मोकळी होईल.

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, अँड्रॉइड स्टुडिओत अ‍ॅप बनवणं, मोठ्या झिप फायली उलगडणं, ही कामं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. तिथेही आधी मावणं बघावं.

सुरुवातीच्या त्या लॅपटॉपच्या मालकासाठी आणखी एक दिलासा आहे. जोडी मोडली म्हणजे ड्युअल चॅनेल पूर्ण गेलं, असं होत नाही. इंटेलच्या मशीनमध्ये फ्लेक्स मेमरी नावाची सोय गेली अनेक वर्षं आहे. एक ४ जीबीची स्टिक तशीच ठेवून शेजारी १६ जीबीची बसवली, तर दोन्हींतली ४-४ मिळून ८ जीबी ड्युअलमध्ये चालते आणि उरलेली १२ सिंगलमध्ये. म्हणजे आधी जेवढी ड्युअल होती तेवढी आहेच, वर १२ जीबी जास्तीची. बाजारात आज मिळणारी स्टिक बहुधा डीडीआर४-३२०० असेल. ती या प्रोसेसरमध्ये २४००वरच चालेल, कारण त्याची मर्यादाच तेवढी आहे. त्यामुळे जुनी स्टिक शेजारी ठेवून नवीचा वेग कमी झाला, असंही म्हणता येणार नाही. माझ्या मते या मशीनसाठी हाच सगळ्यात चांगला व्यवहार आहे. दोन कंपन्यांच्या स्टिक क्वचित एकमेकींशी जमवून घेत नाहीत. म्हणून दुकानातच बसवून मशीन सुरू करून बघावं, आणि पावती जपून ठेवावी.

डेस्कटॉपवाल्यांना मात्र उलट सांगावं लागतं. चार स्लॉट आहेत म्हणून चार लहान स्टिक भरायच्या, हा डीडीआर४पर्यंत चालून गेलेला मार्ग डीडीआर५मध्ये महागात पडतो. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत दोन स्टिक असतील तर अधिकृत वेग ५२००, चार असतील तर ३६००. ड्युअल चॅनेल दोन्हीकडे आहे, पण बँडविड्थ ८३.२ जीबीवरून ५७.६ जीबीवर येते. तेव्हा दोनच मोठ्या स्टिक घ्याव्यात, आणि त्या शेजारी-शेजारी न लावता बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर बसतात, आणि पैसे जोडीचे जाऊन काम एकीचं होतं.

पातळ लॅपटॉपमध्ये हा प्रश्न आता विकत घेतानाच संपतो. मेमरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, आणि बहुतेक मॉडेलांत पूर्ण १२८ बिट रुंदीची. तिथे बघायची ती फक्त क्षमता, कारण पुढे ती वाढणार नाही. काही लॅपटॉपांत ८ जीबी सोल्डर केलेली आणि शेजारी एक रिकामा स्लॉट असतो. त्यात पहिल्याच दिवशी ८ जीबी टाकणं केव्हाही चांगलं. सोल्डरवर उतारा म्हणून एलपीकॅम२ नावाचं मॉड्यूल आलं आहे, २०२४मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ या लॅपटॉपमध्ये ते दिसलं. ते स्क्रूनं बसतं, काढता येतं, आणि एकट्याची रुंदीच १२८ बिट आहे, म्हणजे एक लावलं की ड्युअल चॅनेल पूर्ण. पण त्याला जोड देता येत नाही. रॅम वाढवायची तर जुनं मॉड्यूल काढून त्याच जागी मोठं बसवावं लागतं.